क्यूआर कार्ड की चिप कार्ड? नेटवर्कबाहेरच्या गावांसाठी
मेळघाट, भामरागडसारख्या भागात नेटवर्कचा भरवसा नाही; आरोग्याची नोंद रुग्णाच्याच हाती द्यावी लागते. क्यूआर छापणं स्वस्त. एका कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात: रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं. पण साधा कोड कुणाचाही मोबाइल वाचतो, त्यामुळे एचआयव्हीचं निदान त्यात उघडं टाकूच नये. चार आकडी पिनने कुलूपबंद केला तरी फोटो काढून नेणारा सगळे १०,००० पिन संगणकावर निवांत तपासू शकतो. पिन असलेलं चिप कार्ड ठरावीक चुकांनंतर स्वतःच बंद होतं. हा फरक आम्हाला निर्णायक वाटतो. मात्र प्रत्येक उपकेंद्रात चिप कार्ड वाचणारा रीडर हवा, आणि कार्ड हरवण्याची शक्यता धरून आरोग्य केंद्रात प्रतही ठेवावी. लसीकरणाच्या नोंदीला क्यूआर पुरे.