पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या: फिकॉल की लायसिस?

सांगली-मिरजेत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की रक्तावर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फिकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण) मागवायचं, की लाल पेशी फोडून (म्हणजे लायसिस करून) मोकळं व्हायचं? मी उलट विचारतो, कोणती पेशी हवी आणि तिचं पुढे काय करणार? सगळं त्यावरच ठरतं.

एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार, लाल मात्र ४० ते ६० लाख. लायसिसमध्ये ही लाल गर्दी अमोनियम क्लोराइडने फोडतात. लिटरभर पाण्यात ८.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, १ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट आणि ३७ मिलिग्रॅम ईडीटीए एवढंच लागतं. ही रसायनं बहुतेक कॉलेजांच्या कपाटात असतात. एक भाग रक्ताला दहा भाग द्रावण घाला आणि नळी छापील कागदासमोर धरून ठेवा. सुरुवातीला गढूळ लाल पडद्याआड काहीच दिसत नाही. पाच-दहा मिनिटांत द्रव लालच राहतो, पण पारदर्शक होतो आणि मागची अक्षरं वाचता येतात. तिथेच थांबायचं आणि लगेच सेंट्रीफ्यूजला (नळ्या वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्राला) लावायचं. जास्त वेळ ठेवलं तर पांढऱ्या पेशीही दुखावतात.

या पद्धतीत सगळ्या जातींच्या पांढऱ्या पेशी हाती येतात, त्यांत न्यूट्रोफिल ही जात सर्वांत जास्त. डीएनए काढायचा असेल तर याहून अधिक काही करू नका. त्यासाठी फिकॉल वापरणं म्हणजे पैशांची नासाडी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट या जातींच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून वाढवायच्या असतील, तर मात्र फिकॉलला पर्याय शोधत बसू नका. नॉर्वेच्या आर्ने बोयम यांनी १९६८ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. फिकॉलच्या द्रावणाची घनता मिलीला १.०७७ ग्रॅम. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट त्याहून हलके, म्हणून वर राहतात. लाल पेशी आणि न्यूट्रोफिल जड, ते तळाशी जातात. नळीत ३ मिली फिकॉल घ्या, नळी तिरकी धरा आणि सलाइनने निम्मं पातळ केलेलं ४ मिली रक्त काठावरून अगदी हळू सोडा. दोन थर मिसळले की सगळं मुसळ केरात. मग सेंट्रीफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, यंत्राचा ब्रेक बंद. पिवळसर प्लाझ्मा आणि फिकॉल यांच्यामध्ये धूसर पांढरं कडं दिसतं, तेवढंच पिपेटने उचलायचं. एक मिली रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात.

‘जी’ आणि आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) यांत मात्र घोळ घालू नका. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ४०० जी म्हणजे सुमारे १५५० आरपीएम. १० सेंमी असेल तर सुमारे १९००.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. १.०७७ ही घनता २० अंशांची आहे. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, साधा सेंट्रीफ्यूज फिरून आणखी तापतो, फिकॉल पातळ पडतं आणि हव्या त्या पेशीही खाली घसरतात. त्यामुळे थंड होणारा सेंट्रीफ्यूज २० अंशांवर लावता येत नसेल, तर हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका. अर्ध्या तासात वीज गेली तर नमुना वाया, हेही धरून चाला. लायसिसला यातलं फारसं काही बाधत नाही.

कॅरिओटायपिंगवाल्यांनी (गुणसूत्रं तपासणाऱ्यांनी) दोन्ही सोडा. हेपॅरिनमधलं (हे रक्त गोठू देत नाही) अर्धा मिली रक्त थेट वाढीच्या माध्यमात घालून पीएचएसह (हे लिम्फोसाइटना विभाजनाला लावतं) ७२ तास वाढवलं की काम होतं. डीएनएसाठी ईडीटीएची नळी (हेही रक्त गोठू देत नाही), पेशी वाढवायच्या तर हेपॅरिनची, हे रक्त घेण्याआधीच ठरवा. माणसाचं रक्त म्हटल्यावर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती यांना पर्याय नाही.

राहिले न्यूट्रोफिल. शुद्ध न्यूट्रोफिल हवे असतील तर १.०७७ एकटं पुरत नाही, कारण ते लाल पेशींबरोबर तळाशी जातात. खाली १.११९ आणि वर १.०७७ असे दोन थर लावले की दोन कडी मिळतात. खालचं कडं न्यूट्रोफिलचं. ही पेशी फार अल्पायुषी. रक्त सकाळी घेतलं तर प्रयोग त्याच दिवशी, शक्यतो दुपारच्या आत लावा. लिम्फोसाइटसारखी ती रात्रभर वाट पाहत नाही.