हुलग्याच्या पिठाचे १७,५२९ रुपये

लिहायला लाज वाटतीय. माझं स्वतःचं राजारामपुरीत फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान आहे आणि मला गंडवलं ते एका स्टिकरनं. घरात तोंडावर कुणी बोलत नाही, पण जेवायला बसलं की सगळ्यांना बरोबर हुलगे आठवतात.

गुंड्या आमचा ल्हासा कुत्रा, नर, सहा वर्षांचा. दिवाळीनंतर रंकाळ्यावर फिरायला नेलं की दर दोन पावलांवर पाय वर करायचा आणि निघायचे चार थेंब. मग एक दिवस फरशीवर गुलाबी डाग दिसला. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी लघवी तपासली, इन्फेक्शन आहे, स्ट्रुवाइटचे (मुतखड्याचा एक प्रकार) क्रिस्टल आहेत, पीएच ८, म्हणजे लघवी अल्कलाइन, आम्लाच्या उलट. म्हणाले कल्चर करूया, म्हणजे जंतू कुठला आणि त्याला कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते कळेल, सोनोग्राफी करूया आणि काही आठवडे फक्त स्पेशल खाणं द्या. त्या खाण्याच्या पिशवीची किंमत ऐकली आणि मी म्हणलं विचार करून सांगतो. मी कंजूष नाही हो. मागच्या वर्षी वडिलांना अँटिबायोटिकनं जो त्रास झाला तो डोळ्यासमोर होता. आणि बरं, थोडे पैसेपण वाचवायचे होते, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री रील आली. पांढरा कुर्ता, मांडीवर लॅब्रॅडॉर, 'होलिस्टिक' काहीतरी, आणि 'अँटिबायोटिक नको, चाकू नको, २१ दिवसांत खडा पाणी'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कन्सल्टेशन ९९९ रुपये, व्हिडिओ कॉल ११ मिनिटं, त्यातली नऊ मिनिटं डॉक्टर लोक कसे लुटतात यावर. मला तेच ऐकायचं होतं, दोन दिवस माझ्या मनात तेच चाललेलं, त्यानं फक्त ते मोठ्यानं म्हणलं. पॅकेज १२,६००, कुरिअर १८० वेगळे. खडा विरघळवायच्या पावडरीचे दोन डबे, अल्कलाइन थेंबांच्या बाटल्या आणि लघवी तपासायच्या पट्ट्या.

पार्सल दुकानात आलं. डबा हातात घेतला तेव्हा अंगठ्याला कड लागली, स्टिकरवर स्टिकर! व्हिनाइल, वर मॅट लॅमिनेशन, डावा कोपरा कटरनं तिरका कापलेला, हे सगळं मला दिसलं, माझा धंदाच आहे तो. बॅच नंबर नाही, तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, हेपण दिसलं. आणि मी काय केलं, तर दुकानातल्या पोराला बोलावून म्हणलं, बघ लॅमिनेशन कसं पाहिजे ते. घरी आईनं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आरं हे हुलग्याचं पीठ हाय, ह्याचं माडगं करत्यात." मी आईवर ओरडलो. म्हणलं तुला काय कळतंय, ह्यात पाषाणभेद आहे, गोखरू आहे. जिनं चाळीस वर्षं हुलगे भाजले तिला मी हुलग्याचा वास शिकवला.

नवव्या दिवशी पट्टी निळीजांभळी झाली, ८ च्या पुढं. फोटो पाठवला तर म्हणे "वा सर, डिटॉक्स सुरू झालं, आम्लता निघतीय," आणि वर बूस्टर म्हणून ३,७५० घेतले. डॉक्टरांच्या रिपोर्टवर तोच आकडा रोग म्हणून लिहिला होता! रिपोर्ट फ्रिजवर चुंबकानं लावलेला होता, दिवसातनं दहा वेळा फ्रिज उघडत होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की कुत्र्यात हे खडे बहुतेक इन्फेक्शनमुळंच होतात, काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, त्यानं अमोनिया होतो, लघवी अल्कलाइन होते आणि स्ट्रुवाइट जमतो. म्हणजे आधीच अल्कलाइन झालेल्या लघवीत मी पैसे देऊन दिवसातनं तीन वेळा आणखी अल्कली ओतत होतो. स्ट्रुवाइट बऱ्याचदा योग्य खाणं आणि अँटिबायोटिक दिलं तर ऑपरेशनशिवाय विरघळतोसुद्धा, म्हणजे रीलमधला बाबा जे विकत होता ते डॉक्टरच देत होते. (कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र विरघळत नाही, त्याला कुणी 'विरघळवतो' म्हणलं की तिथंच फोन ठेवा.)

सतराव्या दिवशी सकाळपासनं लघवीचा थेंब नाही. बाबाला फोन केला तर "हीलिंग क्रायसिस आहे, घाबरू नका". संध्याकाळी गुंड्या उलट्या करायला लागला, पोट दगडासारखं. नर कुत्रा कुंथतोय आणि लघवी होत नाहीये तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला उचला. नराची मूत्रनळी बारीक, तिथं एक हाड असतं, त्याच्या मागं खडा येऊन बसला होता. लघवी तुंबून रक्तात पोटॅशियम चढलेलं, हृदय कधीही थांबलं असतं. नळी घालून खडा मागं ढकलला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. बिल २६,३००. डॉक्टर एका शब्दानं रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो, पहिला प्रश्न "कुत्र्यासाठी?" आणि मागं हशा. मग "पैसे तुम्हीच पाठवले ना, ओटीपी कुणी चोरला का? मग फ्रॉड कुठला?" तिथनं दुसऱ्या ऑफिसात, ते म्हणाले औषधाचा विषय आहे, औषधवाल्यांकडं जा. औषधवाल्यांनी डबा फिरवून बघितला आणि म्हणाले ह्यावर 'पूरक आहार' लिहिलंय, औषध लिहिलेलंच नाही, आमच्यात येत नाही. मग कुणात येतं? तर साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सोमवारी गेलो तर साहेब मीटिंगला. बँकेत गेलो तर "व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय". बिल मागतात सगळे, अहो चोर बिल देतो का! चार चकरा, दुकान चार दिवस अर्धवेळ बंद, आणि हातात काय, तर अर्जाच्या झेरॉक्सवर एक शिक्का. जनावरांवर उपचार फक्त नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानं करायचे असा १९८४ चा कायदा आहे, तो मीच एका साहेबांना मोबाईलवर दाखवला, ते म्हणाले "असेल".

तुम्ही पैसे पाठवून फसला असाल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, मी लाजेनं तीन आठवडे घालवले. उपचार सांगणाऱ्याकडं पशुवैद्यकाचा नोंदणी नंबर मागा, तो विषय बदलतो का बघा. चॅट डिलीट करू नका, माझं त्यानंच दोन्हीकडनं उडवलं, स्क्रीनशॉट नव्हते. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय जाता येतं, मी जाणार आहे. हुलग्याचं पाणी माणसाच्या मुतखड्यावर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पितात, पितात तर पिऊ देत, गुंड्याचा खडा वेगळा होता.

गुंड्या आता स्कूटरच्या चाकावर लांबलचक धार सोडतो आणि आई खिडकीतनं कौतुकानं बघते. काल मेव्हण्याच्या मोबाईलवर तीच रील आली. तोच कुर्ता, तोच लॅब्रॅडॉर, पॅकेज १४,९०० झालंय. हुलगे महागले असतील.