बोक़्वि' ॲप : क्लिंगॉन नकाशा काढणाऱ्यांनी जवळ ठेवावंच

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि सुट्टीत आमच्या स्टार ट्रेकवेड्या मित्रमंडळींसाठी नकाशे काढते. सध्या त्या विज्ञानकथा-मालिकेतल्या क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांचा मूळ ग्रह क्रोनॉस कागदावर उतरतोय. तिथल्या डोंगर-नद्यांना ऐकायला रांगडी वाटतील अशी कुठलीही नावं चिकटवणं मला पटत नाही. क्लिंगॉन भाषा घडवणारे भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८५ च्या शब्दकोशात तिचं रीतसर व्याकरण मांडलंय, तेव्हा नावंही त्यातूनच यायला हवीत. त्यासाठी बोक़्वि' हे मोफत शब्दकोश-ॲप मी वापरते.

याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शब्दाखाली त्याचा उगम दिलेला असतो. ओक्रँड यांनी खरोखर दिलेला शब्द कुठला आणि हौशी मंडळींनी रचलेला कुठला, हा घोळ उरत नाही. शिवाय प्रत्यय लागलेला शब्द टाकला की ॲप त्याची फोड करून दाखवतं. 'बिक़' म्हणजे पाणी. त्याला मोठेपणा दाखवणारा 'आ'' लागला की समुद्र. 'वेङ' म्हणजे शहर, 'वेङहोम' म्हणजे खेडं. डोंगर 'ख़ुड', वाळवंट 'डेब'. तळं, जंगल आणि दरी मात्र 'ङेङ', 'ङेम', 'ङेच'! मुळाक्षरांत म्हणून सोडून दिलेला आपला ङ इथे शब्दाच्या सुरुवातीलाच ठाण मांडून बसलाय. ड तर अगदी आपलाच.

नावं जोडताना मराठी माणसाला अर्धी वाट सोपी आहे. 'मुळा नदी'सारखंच विशेषनाम आधी, भूरूप नंतर. क्लिंगॉनांचा दंतकथेतला वीर काहलेस याने आपल्या केसांची बट क्रिस्टाक ज्वालामुखीच्या लाव्ह्यात बुडवून लुसोरच्या तळ्यात थंड केली आणि पहिलं बॅटलेथ, म्हणजे क्लिंगॉनांची वाकडी तलवार, घडवलं, ही कथा चाहत्यांना ठाऊक आहेच. ते तळं माझ्या नकाशावर 'लुसोर ङेङ' झालं. विशेषण मात्र नामाच्या मागे जातं : लाल तळं म्हणजे 'ङेङ डोक़'. हे ॲप शिकवत बसत नाही, त्यामुळे व्याकरणाचं पुस्तक शेजारी हवंच.

खरी मजा दिशांची. क्लिंगॉनमध्ये मूळ दिशा तीनच : 'चान' पूर्व, ''एव' वायव्य आणि 'टिङ' नैऋत्य. उत्तर-दक्षिणेला स्वतंत्र शब्दच नाहीत, त्या या तिघांच्या जोडणीतून सांगायच्या. त्यामुळे 'उत्तर डोंगररांग', 'दक्षिण पठार' ही माझी ठरवून ठेवलेली नावं मी आनंदाने खोडली आणि 'डेब चान', म्हणजे वाळवंटाच्या पूर्वेचा मुलूख, असं नवं नाव लिहिलं. नकाशाचं दिशाचक्रही तीन टोकांचं केलं. कागदावर ते इतकं देखणं दिसतं!

बोलीभेदांसाठी ओक्रँड यांचं १९९७ चं पुस्तक पाहा. क्रोटमाग या क्लिंगॉन प्रांतात ब चा म आणि ड चा ण होतो, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी 'डेब'चं 'णेम' होईल. सीमेवरच्या वाळवंटाला मी दोन्ही नावं दिली आहेत.

अर्थ मराठीत नाहीत, इंग्रजीतून शोधावं लागतं. शाळकरी मुलांना तेवढी मदत लागेल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.