मोठेपणी घोडेस्वारी शिकायची असेल तर: मुळशी रस्त्यालगतची एक छोटी शाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या कंबरा आणि गुडघे हाताळते. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी घोडेस्वारी शिकायचं ठरवलं तेव्हा शाळा निवडताना मी एकच गोष्ट पाहत होते: चाळिशी ओलांडलेल्या अंगाला ही माणसं कसं शिकवतात? पुण्याच्या आसपास मी पाहिलेल्या इतर ठिकाणी मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी चढवतात, हातात लगाम देतात आणि सईस (घोड्यांची देखभाल करणारा माणूस) घोडा धरून दोन-चार फेऱ्या मारून आणतो. या शाळेत तसं होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

इथे सुरुवातीला लगाम मिळतच नाही. घोडा लांब दोरीवर गोल फिरत राहतो, दोरीचं टोक शिकवणाऱ्या सरांच्या हातात, आणि आपण दोन्ही हात कमरेवर ठेवून बसायचं. मग हात बाजूला पसरायचे. मग रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्यातून, पाय काढून लोंबते सोडायचे. याला लंजिंग म्हणतात. माझ्या बॅचमधल्या काहींना याचा कंटाळा आला, पण माझ्या मते फीचे पैसे इथेच वसूल होतात. घोडा चालू लागला की आपली कंबर जवळपास तशीच हलते, जशी स्वतःच्या पायांनी चालताना हलते. रुग्णांच्या उपचारात घोडा वापरतात तो याच कारणासाठी. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळे पडले होते, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, तरी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक मिळवलं. बैठक पक्की असेल तर काय होऊ शकतं, हे त्यांच्याकडे बघून कळतं. आमच्यासारख्यांच्या मांड्या आतून आखडलेल्या असतात, भीतीने त्या आणखी आवळतात आणि माणूस खोगिरावरून वर उचलला जातो. हे सुटायला वेळ लागतो, आणि ही शाळा तो वेळ देते.

लगाम उशिरा देण्यामागे घोड्यांचाही विचार आहे. इथले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच्या जातीचे, आहेत. शर्यतीत लगामाच्या ताणावर रेलून पळायची त्यांना सवय लागलेली असते. घाबरलेला नवशिका तोल जायला लागला की लगाम ओढून धरतो, आणि असा घोडा थांबण्याऐवजी वेग घेऊ शकतो. शिवाय त्या ओढण्याने घोड्याचं तोंड दुखतं ते वेगळंच.

सर लष्करातून निवृत्त झालेले आहेत. सूचना हिंदीत, “एडी नीचे, नजर ऊपर”, आणि एरवी सगळ्यांना ताई-दादा. भीती वाटते म्हटलं तर थट्टा करत नाहीत. घोडा थांबवतात, त्याच्या मानेवर हात ठेवायला लावतात, श्वास पूर्ण सोडायला सांगतात, आणि मगच पुढे. दुडकी चाल (ट्रॉट) शिकवताना त्यांनी मला आधी रिंगणाबाहेर उभं करून नुसतं बघायला लावलं. दुडकीत पुढचा एक पाय आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय एकदम पडतात. रिंगणाच्या कडेच्या बाजूचा घोड्याचा खांदा पुढे गेला की स्वाराने खोगिरावरून उठायचं, मागे आला की बसायचं. ते डोळ्यांना दिसू लागल्यावर अंगात उतरायला सोपं गेलं.

तासाच्या आधी खरारा, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने साफ करणं, आपणच करायचा, खूर साफ करायचे, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळायचा. काही पावलं चालवून तंग पुन्हा तपासायचा, कारण घोडा आधी पोट फुगवून धरतो. ऑफिसात वजनकाटा आहे. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भरलं तर तो घोडा देत नाहीत. एका गृहस्थांना त्यांनी शांतपणे नाही म्हटलेलं मी पाहिलं, आणि शाळेवरचा माझा विश्वास तिथे वाढला. घोड्यांच्या पाठीही बघून ठेवल्या मी: केस सरळ, खोगिराचे व्रण नाहीत.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात रिंगणात चिखल होतो आणि तास रद्द झाल्याचा निरोप आपण तिथे पोचल्यावर मिळतो. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या महिन्यात धरतात. बायकांना कपडे बदलायला धड खोली नाही, आणि याबद्दल तीनचारदा सांगूनही काही झालेलं नाही. शाळेची हेल्मेट जुनी आहेत. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं, आणि सामायिक हेल्मेटचा इतिहास कोणाला सांगता येत नाही. म्हणून स्वतःचं घ्या, सायकलचं नको, घोडेस्वारीसाठीचं प्रमाणित. बूट गुळगुळीत तळव्याचे आणि लहानशी टाच असलेले हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. स्पोर्ट्स शूज घालून आलात तर सर परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे.

सकाळी साडेसहाची बॅच घ्या, तेव्हा घोडे ताजे असतात आणि ऊनही नसतं. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांनाही पहिल्याच दिवशी सांगा. ते त्यानुसार घोडा बदलून देतात.