देव आहे हे सिद्ध कसं करायचं, दहा रविवारचा वर्ग : माझा अनुभव

बरेच जण विचारायलेत म्हणून सविस्तर लिहितोय. बेळगावात खडेबाजाराच्या बाजूला एका दुकानाच्या माडीवर रविवारी संध्याकाळी ५ ते ७ हा वर्ग भरतो, विषय इस्लामी धर्मचिंतनात देवाच्या अस्तित्वासाठी दिलेले तर्क, म्हणजे ज्याला ते इल्म-अल-कलाम म्हणतात ते आणि त्याच्या सोबतीनं इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञांचं म्हणणं. दहा रविवार, फी ६०० रुपये, झेरॉक्स नोट्स त्यातच. शिकवणारे सर कॉलेजातून रिटायर झालेत, स्वतः मुसलमान, घरी दखनी बोलतात, पण वर्ग अगदी शुद्ध बेळगावी मराठीत घेतात, मधेच कुणी कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्ये उत्तर देऊन परत मराठीत सांगतात.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरचा दोस्त मुसलमान, पंधरा वर्षं डबा एकत्र खातो, त्याच्या घरची ईद आमच्या घरचे गणपती सगळं झालं, पण तू देव मानतोस ते कशावरून हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. त्यानंच एक दिवस या वर्गाचं सांगितलं, म्हणाला चल की वो, मला पण यातलं काही माहीत नाही. मग दोघांनी मिळून नाव घातलं.

पहिले दोन रविवार जरा जड गेले हे सांगतो, नावंच नावं. पण तिसऱ्या रविवारी गझाली सुरू झाला आणि मग मी एकही वर्ग चुकवला नाही. अबू हामिद अल-गझाली, जन्म १०५८, तूस गावचा, इराणमधला. त्याचा मुद्दा दिसायला तीन ओळींचा : जे नव्यानं सुरू होतं त्याला कारण लागतं, जग सुरू झालेलं आहे, म्हणून जगाला कारण आहे. सगळी लढाई मधल्या ओळीवर, जग सुरू झालं कशावरून, कायमचंच असलं तर? त्यावर गझालीनं ग्रहांचा हिशोब मांडलाय. सूर्याचा फेरा एका वर्षाचा, गुरूचा बारा वर्षांचा, शनीचा तीस वर्षांचा. आता मागं काळ अनंत असेल तर शनीचे फेरे पण अनंत आणि सूर्याचे पण अनंत, मग सूर्याचे फेरे शनीच्या तीसपट कसे? आणि झालेले फेरे सम की विषम? हे ऐकताना वर्गातल्या म्हाताऱ्या मंडळींनी लगेच माना डोलावल्या, कारण गुरूचं बारा वर्षांचं चक्र आपल्याकडं नरसोबावाडीच्या कन्यागतामुळं, म्हणजे गुरू कन्या राशीत आला की होणाऱ्या उत्सवामुळं, पोरासोरांना माहीत, २०१६ ला झालेलं कन्यागत तर आमच्यातल्या निम्म्यांनी बघितलेलं, आणि शनीचं तर साडेसातीमुळं विचारूच नका. नऊशे वर्षांपूर्वीच्या इराणी माणसाचा तर्क आणि आमच्या घरच्या पंचांगातले आकडे तेच, मला हे फार भावलं.

सरांची खुबी अशी की ते तिथंच थांबत नाहीत. लगेच सांगितलं की एकोणिसाव्या शतकात कॅंटर या गणितज्ञानं अनंताचं गणित मांडल्यावर हा हिशोब एवढा सरळ राहिला नाही, कारण एक-दोन-तीन असे मोजत जाता येणारे अनंत संच, जसे हे फेरे, एकमेकांशी एकास एक जुळवता येतात, मग तीसपट हा शब्दच तिथं लागू होतो का हा प्रश्न उभा राहतो. मुसलमान असून त्यांनी गझालीची कमकुवत बाजू झाकून नेली नाही, याचं मला खूप मोल वाटतं. ज्याला फक्त आपला देव जिंकलेला बघायचाय त्यानं इथं येऊ नये.

सगळ्यात भारी मात्र पाचवा आणि सहावा रविवार, इब्न सीना. ९८० ला बुखाराजवळ जन्म, १०३७ ला हमदानात गेला, वैद्य म्हणून पण मोठा. तो म्हणतो जगाला सुरुवात होती की नाही हा वाद बाजूला ठेवा. प्रत्येक वस्तू अशी की ती असू शकते नसू पण शकते, त्याला मुमकिन म्हणायचं, आणि जे नसणं शक्यच नाही ते वाजिब. मुमकिन वस्तू आत्ता या क्षणाला आहे ती कुणाच्या जोरावर? लोकांना वाटतं एकदा घडवली की झालं, गवंडी गेला तरी घर उभं राहतंय की. पण गवंड्यानं फक्त दगड एकमेकांवर ठेवले, घर उभं धरणारी कारणं वेगळी, ती घर उभं असेपर्यंत सोबतच लागतात. हे मला आमच्या कामावरून एकदम कळलं. मोल्डरनं साचा भरला, तो घरी गेला, कास्टिंग तसंच राहतं. पण फर्नेसमधलं मेटल? करंट गेला की ते थंड व्हायला लागतंय, काल किती करंट होता याचा आज उपयोग नाही. मी हे वर्गात बोललो तर सर म्हणाले, होय की, इब्न सीनाला हवं आहे ते हेच, जग साच्यातून निघालेल्या कास्टिंगसारखं नाही, फर्नेसमधल्या मेटलसारखं आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतोय.

मग साखळी. एक मुमकिन दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, असं अनंत असेना का, इब्न सीनाच्या तर्काला फरक पडत नाही. तो म्हणतो सगळ्या मुमकिन वस्तू एकत्र धरा, तो अख्खा गठ्ठा स्वतःच्या जोरावर आहे का? यावर निपाणीहून येणाऱ्या एका कॉलेजच्या पोरीनं फार छान अडवलं, म्हणाली प्रत्येक वीट हलकी म्हणून भिंत हलकी नसते सर. अर्धा तास त्यावरच गेला. सरांचं उत्तर असं की वजनाचं खरं आहे, पण प्रत्येक वीट लाल असेल तर भिंत लालच होते, आणि गठ्ठा हा त्याच्या तुकड्यांमुळंच गठ्ठा आहे, म्हणजे तो दुसऱ्याच्या आधारावर आला, मग तो वाजिब कसा? तिला पूर्ण पटलं नाही, मला बऱ्यापैकी पटलं.

आणि पुढची गंमत म्हणजे गझाली आणि इब्न सीना हे दोघं एका बाजूचे नाहीतच. गझालीनं तत्त्वज्ञांवर वीस मुद्दे काढले आणि त्यातल्या तीन मुद्द्यांवर, म्हणजे जग अनादि आहे, देवाला एकेक बारीक गोष्ट वेगळी कळत नाही आणि मेल्यावर शरीरासकट उठणं नाही, यावर तर त्यांना थेट काफिर ठरवलं. त्याची आणखी एक तक्रार अशी की इब्न सीनाचा वाजिब इच्छा करून जग निर्माण करतच नाही, जग त्याच्यातून आपोआप निघतं. मग स्पेनमधल्या कोर्डोबाचा इब्न रुश्द, ११२६ ते ११९८, त्यानं गझालीला उलट उत्तर लिहिलं. तो म्हणतो साध्या माणसाला एवढं लागतच नाही, दोन गोष्टी पुरेत, एक म्हणजे दिवसरात्र, पाऊसपाणी माणसाच्या जगण्याला जुळेल असं आहे, दुसरं जीव नव्यानं घडतात. वाळवंटातल्या माणसाचं ते बोलणं पण सरांनी सांगितलं, उंटाची लेंडी दिसली म्हणजे इथून उंट गेला, मग एवढं आभाळ कशावरून? माझ्या दोस्ताला हेच सगळ्यात आवडलं, म्हणाला आमच्या दादीचं बोलणं असंच होतं.

आता जे खटकलं ते. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की अरबी शब्द वाचायला येत नाहीत, मी घरी परत लिहून काढल्या. खोलीत दोनच फॅन, उन्हाळ्यात त्रास होतो, खालच्या रस्त्याचा आवाज वेगळाच. इब्न तैमिया हा नंतरचा धर्मपंडित वीस मिनिटांत उरकला, त्याचं म्हणणं देवाची जाणीव माणसाच्या फितरतमध्ये, म्हणजे मूळ स्वभावात, जन्मतःच असते, यावर मला खूप विचारायचं होतं, राहून गेलं. मुल्ला सद्रा हा पुढच्या काळातला इराणी तत्त्वज्ञ तर फक्त नावापुरता आला. बाया फार कमी येतात, ७ ची वेळ खानापूर, निपाणीच्या बसला अवघड पडते, ४ ला सुरू केला तर बरं होईल, हे मी सरांना सांगितलंय.

६०० रुपयात हे महाग अजिबात नाही. अरबी, उर्दू काही यायला पाहिजे असं नाही, वही मात्र मोठी आणा आणि खिडकीजवळ बसा. पुढच्या बॅचमध्ये मुल्ला सद्राला दोन रविवार देणार असं सर म्हणालेत, आम्ही दोघांनी नाव घालून ठेवलंय, आणि डब्याच्या सुट्टीत सध्या विटांवरूनच चाललंय, तो त्या निपाणीच्या पोरीच्या बाजूनं आणि मी इब्न सीनाच्या.