मोमिनपुऱ्यातील रोज्यांच्या मसल्यांचा वर्ग : अनुभव व अभिप्राय

नागपूरच्या मोमिनपुऱ्यात एका मदरशाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी स्त्रियांसाठी रोज्यांच्या मसल्यांचा (धार्मिक नियमांविषयीच्या प्रश्नांचा) विनाशुल्क वर्ग भरतो. गेल्या हिवाळ्यात मी तेथे सलग सहा आठवडे गेले. माझे माहेर रत्नागिरीचे, म्हणजे आम्ही शाफई. सासर मात्र नागपूरचे आणि हनफी. शाफई व हनफी हे सुन्नी धर्मनियमांचे दोन वेगळे पंथ. त्यामुळे सुटलेल्या रोज्यांविषयी घरात मिळणारे उत्तर मला लागू पडते की नाही, ही शंका मनात कायम असे.

शिकवणाऱ्या आपांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकीला वहीत तीन रकाने आखायला लावले : हैज (मासिक पाळी), आजार आणि सफर (प्रवास). हैजमधील नमाज माफ होते, पण रोज्यांची कजा (सुटलेले रोजे नंतर भरून काढणे) करावीच लागते, हे त्यांनी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या हदीसचा (परंपरेने आलेल्या कथनाचा) आधार देऊन सांगितले. मागील रमजानचे रोजे पुढच्या रमजानपर्यंत राहून गेले, हा प्रश्न माझा आणि शेजारी बसलेल्या बाईंचा एकच होता. तरीही आपांनी आधी दोघींचा मसलक (पंथ) विचारला आणि मगच उत्तर दिले. शेजारच्या बाईंना हनफी मताप्रमाणे केवळ कजा पुरेशी होती, तर मला, उशीर सबबीवाचून झालेला असल्याने, कजेसोबत प्रत्येक रोज्यामागे एक मुद्द (एक जुने माप) धान्य गरिबाला देणे आवश्यक होते. इतक्या वर्षांत मला हे कोणी नीट उलगडून सांगितले नव्हते.

मधुमेह असलेल्या एका वृद्ध बाईंनी प्रत्येक रोज्याचा पावणेदोन किलोच्या आसपास गहू या हिशेबाने फिदिया (रोज्याऐवजी गरिबाला द्यायचे धान्य) देऊन टाकला होता. डॉक्टरांनी कायमची मनाई केली आहे की फक्त उन्हाळ्यापुरती, असे आपांनी त्यांना विचारले. कारण फिदिया ज्याला पुन्हा रोजा ठेवता येण्याची आशाच नाही त्याच्यासाठी आहे आणि प्रकृती सुधारली तर कजा करावीच लागते. विसरून खाल्ल्याने रोजा मोडत नाही. वजू (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुणे) करताना चुकून पाणी घशाखाली गेल्यास हनफी मताप्रमाणे एक कजा येते, साठ रोज्यांचा कफ्फारा (प्रायश्चित्त) नव्हे. हा भेद कळताच एका मुलीचे डोळे भरून आले, कारण ती वर्षभर कफ्फाऱ्याच्या धास्तीत होती.

उणिवाही आहेत. खोली लहान असून तान्ह्या मुलांना घेऊन येणाऱ्यांना बसायला जागा उरत नाही. टिपणे फक्त उर्दूत मिळतात. माझ्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या स्त्रियांसाठी ती मराठीतही छापायला हवीत, असे मला आग्रहाने वाटते.

वर्गाला जायचे असल्यास दिवाळीनंतर जावे, म्हणजे कजेचे रोजे हिवाळ्यात ठेवता येतात. मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हापेक्षा डिसेंबरातील रोजा पुष्कळ सोपा जातो : सहरी (रोज्यापूर्वीचे खाणे) पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत मगरिबची (सूर्यास्ताची) अजान होते. नियत (रोज्याचा संकल्प) मात्र पहाटेपूर्वीच करावी लागते, आणि रोजे सलग ठेवण्याची सक्ती नाही. माझ्या वहीतील सतरापैकी अकरा रोज्यांवर खूण झाली असून उरलेले सहा मी शाबान (रमजानच्या आधीचा महिना) संपण्याआधी ठेवणार आहे.