बंद डोंगर विकत घेतला, ४,१२,७९६ रुपयांना

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही. ज्वालामुखी चढायच्या टूरच्या नावाखाली गेले चार माणसांचे मिळून ४,१२,७९६ रुपये. माझ्या एकट्याचे १,०३,१९९. पासपोर्टचे १,५०० आणि बुटांचे ३,४५० वेगळे, पण ते कुणी लुटले नाहीत, ते मी हौसेने घातले.

आणि मी भूगोलाचा मास्तर. बत्तीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला, लाल खडूने लाव्हा ओतला. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या, गाव हसतंच आहे.

आमचं वऱ्हाडातलं गाव. पायाखालची काळी माती ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकाची, हे मी दरवर्षी पोरांना सांगायचो. लोणारला सहल नेली की बजावायचो, ‘हे विवर ज्वालामुखीचं नाही बरं, उल्केचं आहे.’ म्हणजे आयुष्य गेलं विझलेल्या लाव्ह्यावर आणि जिवंत ज्वालामुखी पाहिला नाही. मे महिन्यात निवृत्त झालो, ग्रॅच्युइटी हातात आली आणि ही हौस वर आली. यात माझं काय चुकलं? लोक प्लॉट घेतात, मी डोंगर चढायचं म्हटलं.

तालुक्याला जुन्या बसस्टँडजवळ एका पोराचं टूरचं ऑफिस. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण ऑफिस होतं, काचेचं दार होतं, जीएसटी नंबर भिंतीवर होता, आणि साडूच्या गावची बावीस माणसं त्याने चारधामला नेऊन सुखरूप परत आणली होती. मी लिंकवर क्लिक करणारा माणूस नाही. चौकशी करून गेलो होतो. ही चारधामचीच गोम असते हे आता कळतं. स्वस्त टूर इमानदारीने करायची आणि महागात हात मारायचा.

त्याने दाखवलं इंडोनेशियाचं लोंबोक बेट आणि त्यावरचा रिंजानी. डोंगर खोटा नाही, तो जागेवर आहे. ३,७२६ मीटर उंच. सेंबालून नावाच्या गावाकडून वाट चढते आणि ते गावच जवळपास आपल्या चिखलदऱ्याच्या उंचीवर. तिथून गवताळ माळ, मग विवराचा काठ, साधारण २,६४० मीटर. दुसरी वाट सेनारूकडून, झाडीतून. काठावरून खाली सेगारा अनाक हे तळं दिसतं आणि तळ्यात बारुजारी नावाची काळी टेकडी. २०१६ साली शेवटचा उद्रेक झाला तो तिच्यातूनच. हे एवढं मोठं विवर १२५७ च्या स्फोटाने झालं, त्याची राख ध्रुवावरच्या बर्फात सापडते. तिथले हमाल बांबूला दोन्हीकडे ओझं बांधून चढतात, अगदी आपल्या कावडीसारखं. हे सगळं मी घरी बसून वाचून काढलं. एवढं वाचलं, आणि वाट कोणत्या महिन्यात बंद असते तेवढं वाचलं नाही.

तर तो क्षण. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मी, माझे साडूभाऊ, त्यांचा पोरगा आणि आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर असे चौघे त्याच्या टेबलासमोर. कागदावर तारीख १९ ते २७ जानेवारी. माणशी ८४,५००. ‘ऑफ सीझनचा रेट आहे सर, म्हणून परवडून रायला,’ असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. गणिताच्या सरांनी विचारलं, ‘जानेवारीत तिकडं पाऊस नसते का?’

गणिताच्या मास्तरने विचारलं, हे लक्षात घ्या. भूगोलाच्या नाही.

तो पोरगा हसला. ‘आपण ढगाच्या वरतं रायतो ना सर.’ आणि मी काय केलं असेल? मी त्याची बाजू घेतली. ढगांची उंची, तपांबर, असं काहीबाही मीच सरांना समजावून सांगितलं. बत्तीस वर्षं पृथ्वीगोल फिरवून पोरांना शिकवलं की डिसेंबर-जानेवारीत सूर्य मकरवृत्ताकडे, पावसाचा पट्टाही त्याच्यामागे दक्षिणेला, तिकडे तेव्हाच पावसाळा. लोंबोक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ अंशांवर. सातवीतल्या पोराने ओळखलं असतं. रिंजानीचं राष्ट्रीय उद्यान याच पावसासाठी दरवर्षी जानेवारी ते मार्च चढाईला बंद असतं. कॅलेंडरवर ठरलेलं असतं ते. म्हणजे त्याने आम्हाला बंद दार विकलं, आणि दाराची तारीफ मी केली.

रात्री झोप येत नाही ती पैशामुळे कमी आणि त्या तपांबरामुळे जास्त.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कसं चालतं ते. चौघांचे मिळून ३,३८,००० तीन हप्त्यांत गेले. ‘फर्मच्या खात्याची लिमिट संपली’ म्हणून दोन हप्ते त्याच्या बायकोच्या नावच्या खात्यात. (खात्याचं नाव बदललं की उठून यायचं. चहा टाकून यायचं.) व्हिसाचे माणशी ६,५००. वास्तविक भारतीयांना तिथल्या विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार, आणि ते आपणच भरायचे. ‘ज्वालामुखी परमिट’ ७,२००. रिंजानीची नोंदणी पासपोर्टवरच्या नावाने ऑनलाइन होते, तिचा कागद मागा, तो नसेल तर परमिट नाही. आणि ४,९९९ रुपयांचा ‘राख विमा’. असली पॉलिसी कोणत्या कंपनीची, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही. ४,९९९ मध्ये असं काहीतरी असतं की माणूस विचारत नाही.

तिकिटाचा पीएनआर दिला होता. एअरलाइनच्या साइटवर टाकला, चौघांची नावं दिसली, मी स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांना पाठवला. ते तिकीट नुसतं होल्डवर होतं, पैसे भरलेलेच नव्हते. तीन दिवसांनी पीएनआर मेला, आम्ही परत पाहिलाच नाही. पीएनआर आठवड्याने पुन्हा तपासा. आणि परदेशी टूर पॅकेजवर टूरवाल्याला टीसीएस नावाचा कर घ्यावाच लागतो, तो तुमच्या पॅनवर दिसतो. आमच्याकडून घेतला नाही तेव्हा साडूभाऊ खूश झाले होते, ‘टॅक्स वाचला’ म्हणून.

दोन महिने आम्ही सराव केला. नरनाळा किल्ला तीनदा चढलो, तेही नव्या बुटांनी. शेतात तूर उभी आणि साडूभाऊ पाठीवर बॅग टाकून बांधाबांधाने फेऱ्या मारताहेत, हे सगळ्या शिवाराने पाहिलंय.

१२ जानेवारीला संध्याकाळी मेसेज आला. ज्वालामुखी भडकला, इशारा ‘लेव्हल ४, आवास’, ट्रेल बंद, दैवी आपत्ती असल्यामुळे परतावा मिळणार नाही, राख विम्याचा क्लेम चालू आहे. सोबत राखेचा भलामोठा लोट उठतानाचा व्हिडिओ. घरात सगळे गप्प. मला तर आधी वाईट वाटलं ते तिथल्या हमालांबद्दल.

तिकडे ज्वालामुखीच्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. आपल्याकडे आवास म्हटलं की घरकुल, तिकडे आवास म्हटलं की जीव घेऊन पळा. पुण्यात नोकरीला असलेला माझा एक विद्यार्थी आहे. त्याने दहा मिनिटांत तिथल्या सरकारी पानावरून दाखवलं की रिंजानीपुढे आवास-बिवास काही नाही. व्हिडिओ फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीचा निघाला, ज्याच्या राखेने २०२४ च्या नोव्हेंबरात बालीची विमानं रद्द झाली होती. आणि चढाई बंद होती ती पहिल्या तारखेपासून, नेहमीसारखी. पोरगं फोनवर हळूच म्हणालं, ‘सर, हे तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला.’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि ओरडलो. उद्यान मार्चअखेरपर्यंत बंद असतं, एप्रिलमध्ये उघडतं, विषुववृत्त कुठे, पाऊस कधी, सगळा तास घेतला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणे, त्याऐवजी जावातला मेरापी करू. मेरापीची शिखराकडची वाट २०१८ पासून बंद आहे! म्हणजे दुसरं बंद दार. मग म्हणाला, तुमच्या समाधानासाठी काहीतरी देतो, आणि माझ्या खात्यावर ११,००० टाकले. मी मूर्खाने ठेवून घेतले. हे ११,००० पुढे आमच्याच गळ्याशी आले.

ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर ठाणेदार साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा हवालदार म्हणाले, ‘गुन्हा घडला कुठं? इंडोनेशियात? मंग आमची हद्द कशी?’ मी म्हटलं, साहेब, पैसे घेतले ते तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या ऑफिसात. तिसऱ्यांदा अर्ज लिहून घेतला, पोच मागितली तर ‘मास्तर, विश्वास नाही का?’ विश्वासाने काय झालं ते सांगायलाच तर आलो होतो! चौथ्यांदा साहेब भेटले. म्हणाले, त्याने ११,००० परत केले ना, मग त्याची नियत साफ आहे, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी घरून लिहून नेलं होतं. त्यांनी कागद उलटा करून त्यावर त्यांचा चहाचा ग्लास ठेवला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तिथे तक्रार नंबर मिळाला, मग ती तक्रार फिरून आमच्याच ठाण्याकडे आली, आणि ठाण्याने विचारलं, तिकडं काहून तक्रार केली? १९३० चा उपयोग पैसे गेल्याबरोबर, तासा-दोन तासांत, आमचे जाऊन तीन महिने झाले होते. बँकेत गेलो तर म्हणे, तुम्हीच पाठवले ना? हो, मीच पाठवले. सही माझी, ओटीपी माझा. लुटारू मीच, फिर्यादी मीच.

११,००० सारखे तुकडे घेऊ नका. घेतलेच तर ‘एकूण एवढ्यापैकी एवढे मिळाले, बाकी येणे’ असं त्याच दिवशी लेखी पाठवा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, दोन वर्षांची मुदत असते. पहिली नोटीस ‘दार बंद’ शेरा मारून परत आली. मी त्याच दिवशी त्या दारासमोरून गेलो होतो, आत पंखा फिरत होता.

गणिताचे सर काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. साडूभाऊंचे आणि त्यांच्या पोराचे मिळून २,०६,३९८ गेले, ते सोयाबीनचे होते. ते एकदाच बोलले, ‘भाऊ, त्या पोराले पाहून नाही देल्ले म्या पैसे, तुमाले पाहून देल्ले.’ त्यांचे मी हप्त्याने फेडतोय. त्यांनी मागितलेले नाहीत. बायको म्हणते, लोणारले गेले असते तं डबा बांधून देल्ला असता.

परवा जुन्या बसस्टँडवर उतरलो. त्याच्या काचेवर नवीन फ्लेक्स लागलाय, त्याच तळ्याचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘रिंजानी, एप्रिल स्पेशल’. एप्रिलमध्ये वाट खरंच उघडते. हे त्याला शिकवलं ते मीच.